राजूरचा पाऊस व कॅमेऱ्याची निगा

घोटीहून अकोल्याकडे जाणारा रस्ता बारी गांवाजवळ कळसूबाईच्या पायथ्याशीं येतो, तेव्हां प्रवाशाची मान आपोआप वर होते. १६४६ मीटर उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच. तेथून पुढें शेंडी, भंडारदऱ्याचा जलाशय, रंधा येथील प्रवरेचा धबधबा हीं स्थळें एकामागून एक मागें टाकीत आपण राजुरास पोंचतों. जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहमदनगराचें अहिल्यानगर झालें. राजूर मात्र होतें तसेंच, डोंगरांच्या कुशींत, प्रवरेच्या कांठीं बसलेलें आहे. आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी, शाळा, वसतिगृहें, आठवड्याचा बाजार आणि दूरवर नांव झालेला पेढा, यांमुळें या डोंगराळ मुलुखांतील लहानमोठ्या वाड्यांना राजूर म्हणजेच शहर. जवळच्या देवगांवचे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्यें ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली; त्यांचें नांव येथें अजून घरोघर घेतात.

अहिल्यानगर जिल्हा म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें दुष्काळ उभा राहतो, आणि तें खोटेंहि नाहीं. जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत वर्षाकांठीं पांचसहाशें मिलिमीटर पाऊस झाला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. परंतु त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, घाटघर व रतनवाडी येथें, पांच हजार मिलिमीटरच्या घरांत पाऊस कोसळतो. राजुरास तितका नाहीं. तथापि आषाढ लागला म्हणजे येथेंहि धुकें दारांतून घरांत येतें, भिंतींना ओल येते, कपाटांतील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते आणि आगपेटीची काडी तीनदां ओढल्याखेरीज पेटत नाहीं. या पावसाची तयारी लोक उन्हाळ्यांतच करून ठेवतात. घरांची शाकारणी होते, भाताच्या रोपांसाठीं राब भाजले जातात, सर्पण आंत येतें. येथलीं डांगी गुरें तर निसर्गानेंच सज्ज करून धाडलीं आहेत. त्यांच्या कातडींतून एक प्रकारचें तेल पाझरतें व त्यामुळें संततधारेंत उभें राहूनहि तीं आजारी पडत नाहींत. राजुरास हिवाळ्यांत या गुरांचें मोठें प्रदर्शन भरतें, तें या गुणामुळेंच.

कॅमेऱ्याच्या अंगांत मात्र असें कांहीं तेल नाहीं. आणि जें थोडें वंगण आहे तेंच पुढें त्याच्या मुळावर येतें. हा विषय मजसारख्या मास्तरानें कां काढावा, असें वाचकांस वाटेल. कारण घरगुती आहे. आमचें कुटुंब एकत्र. घरांत कॅमेरे तीन. पहिला वडिलांनीं घेतलेला आगफा क्लिक थ्री. हा बडोद्यास तयार होत असे आणि एके काळीं मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांतून दिसे. दुसरा थोरले बंधु अण्णा यांचा, दोन भिंगांचा याशिका, छातीशीं धरून वरून डोकावून पाहावयाचा. घरांतील मुंजी, लग्नें, बारशीं, आणि कैलासवासी वहिनींचीं सगळींच चांगलीं छायाचित्रें या दुसऱ्यानें घेतलेलीं आहेत. तिसरा पुतण्याचा नवा निकॉन, अर्थात् डिजिटल.

पुतण्याचें म्हणणें असें कीं, तिन्ही यंत्रें दरवर्षीं पावसाळ्यानंतर जाणत्या कारागिराकडे पाठवून आंतून साफ करून आणावीं. अण्णांचें म्हणणें, जें चालत आहे तें उघडूं नये. "न दुखणाऱ्या दाताला कुणी चिमटा लावतो का रे?" असें ते म्हणाले. "अण्णा, दंतवैद्य तर न दुखणारेहि दात दाखवायला सांगतात," असें पुतण्याचें उत्तर. पुढच्या माघांत अण्णांच्या नातवाची मुंज आहे व तिचीं छायाचित्रें आपण आपल्या याशिकानेंच घेणार, असा अण्णांचा निश्चय. त्यामुळें हा वाद नुसता जेवणाच्या पानावरचा राहिला नव्हता. यंदा जूनच्या आरंभीं काजवे पाहण्याच्या निमित्तानें पुतण्या आणि सूनबाई राजुराकडे निघाले, तेव्हां मलाहि रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ पुन्हां पाहावयाचें होतें, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलों. अण्णांनीं याशिका पिशवींत घालून दिला. "तिकडे कुणी जाणता भेटला तर दाखव, पण उघडूं देऊं नकोस," एवढी ताकीद त्यासोबत होती.

काजव्यांचें वर्णन करण्याचा मोह आवरणें कठीण आहे. मृगाच्या अलीकडे, वळिवाच्या एकदोन सरी पडून गेल्यावर, भंडारदऱ्याच्या भोंवतालच्या रानांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हे जीव लक्षावधींनीं जमतात. प्रथम एखाद्या फांदीवर दहावीस ठिणग्या लुकलुकतात. मग जणूं कोणी खूण केल्याप्रमाणें सगळें झाड एकदम उजळतें व एकदम मालवतें. शेजारचें झाड त्यास उत्तर देतें. नर मादीला बोलावतो तो हा प्रकाश. म्हणून तेथें विजेऱ्या रोखणें, कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा उडविणें हें त्यांच्या लग्नांत दगड मारण्यासारखें आहे. तरी तसें करणारे महाभाग तेथें होतेच. हा सर्व प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो आणि वनखात्याचे लोक गर्दीस आवर घालीत असतात. पण गर्दीपुढें त्यांचेंहि फारसें चालत नाहीं.

खरे छायाचित्रकार मात्र अंधारांत तिपाई मांडून, झडप अर्धा अर्धा मिनिट उघडी ठेवून, मुकाट्यानें उभे होते. पुतण्याहि त्यांच्यांत सामील झाला. मोटारींतील थंड हवेंतून कॅमेरा बाहेर काढतांच त्याच्या भिंगावर दंव धरलें. त्यानें खिशांतील रुमाल काढला, तोंच शेजारच्या एका तरुणानें हात धरला. "पुसूं नका सर. पिशवींत घालून तोंड बांधा आणि अर्धा तास थांबा. हवेला आली कीं आपोआप जाईल." तसें केलें आणि दंव गेलें. हा तरुण राजूरचाच निघाला. जवळच्या एका वाडींतील. राजुरांत त्याचें फोटोचें लहानसें दुकान आहे. दाखल्यांसाठीं लागणारीं छायाचित्रें, शाळांचे समारंभ आणि मोसमांत लग्नें, यांवर त्याचें घर चालतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याच्या दुकानीं गेलों.

दुकान म्हणजे दहा फूट खोली, मागें निळा पडदा, एक संगणक आणि कोपऱ्यांत झाकणास रबराची कड असलेला प्लास्टिकचा मोठा डबा, घरांत तांदळास वापरतात तसा. मीं प्रथम तो खाऊचा समजलों. त्यानें झाकण उघडून दाखविलें. आंत दोन कॅमेरे, तीन भिंगें, निळ्या खड्यांच्या पुरचुंड्या आणि हवेंतील ओल मोजण्याचें घड्याळासारखें एक लहान यंत्र. कांटा ४५ वर होता. बाहेर भिंतीवर तसेंच दुसरें यंत्र टांगलेलें होतें. त्याचा कांटा ८० च्या पुढें. अजून पावसास आरंभहि झाला नव्हता.

"हें शहाणपण विकत घेतलेलं आहे, गुरुजी," तो म्हणाला, आणि त्यानें आपली हकीकत सांगितली. तीन वर्षांपूर्वीं त्यानें लग्नांसाठीं म्हणून एक मोठें भिंग हप्त्यांनीं घेतलें. आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्नें नाहींत. म्हणून तें कातड्याच्या पेटींत घालून, वर जुनी शाल गुंडाळून, भिंतींतल्या कपाटांत जपून ठेविलें. तुळशीच्या लग्नानंतर पहिलें कार्य आलें. चित्रें घेतांना कांहीं कळलें नाहीं; पण संगणकावर पाहतो तों उजेडाकडे तोंड करून घेतलेल्या प्रत्येक चित्रांत नवरीचा चेहरा धुक्यांतून पाहिल्यासारखा. भिंग उजेडांत धरून पाहिलें तेव्हां आंतल्या दोन कांचांच्या मध्यें कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरले होते. लग्नघरच्यांनीं निम्मे पैसे दिले नाहींत. नाशिकच्या एका कारागिरानें भिंग खोलून धुतलें. तंतु गेले, पण दोन ठिकाणीं कांचेवरचा लेपच खाल्ला गेला होता, ते डाग राहिले ते राहिलेच. हप्ते मात्र चालू होते, आणि धाकट्या बहिणीचें कॉलेज त्याच वर्षीं सुरू झालें होतें. "ती एक वर्ष घरीं बसली," एवढेंच तो म्हणाला. पुढें त्यानें विषय बदलला आणि मींहि विचारलें नाहीं.

ही बुरशी म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. तिचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात. नव्या कोऱ्या भिंगांतहि ते असतात. हवेंतील ओल शेंकडा साठाच्या वर दीर्घकाळ राहिली, वारा नसला आणि अंधार असला, म्हणजे ते रुजतात. कांचेवरील बोटांचा तेलकटपणा, धूळ, आंतील वंगणाची वाफ हें त्यांचें अन्न. वाढतां वाढतां ते जें आम्ल सोडतात त्यानें प्रथम लेप व मग कांच खरवडली जाते. आरंभींच पकडलें तर धुऊन निघतें. एकदां कांच खाल्ली गेली म्हणजे विश्वकर्म्यालाहि उपाय नाहीं. यांतील दैवदुर्विलास असा कीं, आपण ज्यास जपणें म्हणतों, म्हणजे कातड्याची पेटी, शालीचें वेष्टन, बंद कपाट, तेंच बुरशीस सर्वांत मानवतें. कातडें ओल धरून ठेवतें. रोज हाताळला जाणारा, उन्हावाऱ्यांत हिंडणारा कॅमेरा पुष्कळदां निर्दोष राहतो आणि पेटींत पूजेला ठेवलेला आंतून कुजतो.

आमच्या घरांतून आणखी एक चाल आहे. पेटींत कांहींहि ठेवावयाचें तर त्यांत कापराची वडी किंवा डांबराची गोळी टाकावयाची. लोकरी वस्त्रांना तें ठीक असेल. परंतु कॅमेरा या दोहोंजवळ ठेवूं नये, असें निकॉनच्या माहितीपुस्तिकेंतच स्पष्ट लिहिलें आहे. हें मीं पुतण्याकडून ती पुस्तिका मागून घेऊन स्वतः वाचलें. त्याच पुस्तिकेंत त्याच्या मताचा आधारहि होता. कॅमेरा हें सूक्ष्म यंत्र आहे; तें दर एक ते दोन वर्षांनीं विक्रेत्यास किंवा कंपनीच्या अधिकृत माणसास दाखवावें, आणि दर तीन ते पांच वर्षांनीं त्याची साग्र देखभाल करवून घ्यावी; धंद्यासाठीं वापर असेल तर याहूनहि वरचेवर; आणि या कामास पैसे पडतात, अशी प्रामाणिक टीपहि तेथें आहे. म्हणजे दरवर्षीं उघडण्याची गोष्ट कंपनीहि सांगत नाहीं. शिवाय ज्याच्या दुकानीं गिऱ्हाइकानें यावें अशी इच्छा आहे, त्याच्या उपदेशांतील विधि किती आणि अर्थवाद किती, हें मीमांसकांप्रमाणें निवडून घेतलें पाहिजे.

आपल्या शास्त्रांत कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केलेले आहेत. संध्या नित्य, ग्रहणाचें स्नान नैमित्तिक, निमित्त घडलें तरच, आणि अमुक फळ हवें म्हणून केलेलें तें काम्य. कॅमेऱ्याच्या बाबतींत लोकांचा घोटाळा होतो तो या भेदाचा. धूळ फुंकणीनें उडविणें, मऊ स्वच्छ कापडानें बाहेरचें अंग पुसणें, कोरड्या जागीं ठेवणें, महिन्यांतून निदान एकदां बाहेर काढून दहापांच वेळां झडप उघडझांप करणें हीं नित्यकर्में. यांस कारागीर लागत नाहीं. घरांतील शहाणें मूलहि तीं करील. कारागिराचें काम नैमित्तिक आहे. निमित्तें कोणतीं? बुरशीचा तंतु दिसला, यंत्र पडलें, पाण्यांत भिजलें, झडप रेंगाळूं लागली, चित्राची एक बाजू सदा अस्पष्ट येऊं लागली. अथवा यंत्र इतकें जुनें झालें कीं आंतील वंगण वाळल्याखेरीज राहिलेंच नसेल.

यंत्रापरत्वें हीं निमित्तें निराळीं होतात. अण्णांच्या याशिकासारख्या जुन्या यंत्रांत झडपेचीं पातीं कांड्याच्या घड्याळासारख्या चक्रांवर चालतात. वंगण घट्ट झालें कीं एका सेकंदाची झडप दोन सेकंद उघडी राहते, कधीं कधीं मिटतच नाहीं. याच पिढीच्या पुष्कळ जपानी कॅमेऱ्यांतून पाठीमागच्या दाराला उजेड रोखण्यासाठीं मऊ फेसाची पट्टी बसवीत. ती कांहीं दशकांनीं डांबरासारखी चिकट होऊन फिल्मवर उजेडाचे पट्टे पाडते. अशा यंत्रांची साफसफाई, वंगण आणि जुळवणी ही खरोखरीच चाळीसपन्नास वर्षांतून एकदां तरी झाली पाहिजे. उलट नव्या डिजिटल यंत्रांत असें वंगणाचें काम थोडें. त्यांत चित्र ग्रहण करणाऱ्या पटलावर धूळ बसते. ती आहे कीं नाहीं हें पाहण्यास भिंगाचें छिद्र अगदीं लहान करून निरभ्र आकाशाचें चित्र घ्यावें. काळे ठिपके दिसले तर धूळ आहे, नाहीं तर नाहीं. झडपेचें आयुष्य एक लाख, दोन लाख उघडझांपींचें धरतात. घरगुती माणूस वर्षाला दोनतीन हजार चित्रें घेईल तर तितक्या आयुष्यांत यंत्रच जुनाट ठरेल. लग्नांवाला एका मोसमांत वीसतीस हजार सहज घेतो. तेव्हां "कॅमेऱ्याला दरवर्षीं दुरुस्तीकार पाहिजे काय?" या प्रश्नास "कोणाच्या?" हा प्रतिप्रश्न केल्याखेरीज उत्तर नाहीं. मोबाइल फोनमधील कॅमेऱ्याचें म्हणाल तर भिंग पुसणें एवढाच त्याचा आचारधर्म.

राजूरच्या त्या तरुणास मीं हेंच विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, माझं सर्व्हिसिंग रोज रात्रीं असतं. दुकान बंद करायच्या आधीं पुसायचं, डब्यांत घालायचं, कांटा पाहायचा. बाहेर देतों तो वर्षांतून एकदां, होळीच्या सुमारास, लग्नसराईच्या आधीं. उघडायला नाहीं; नुसता दाखवायला. झडपेचा आंकडा पाहतात, पटल साफ करतात, संपलं." मध्यंतरीं एकदां त्यानें चांगला चालणारा कॅमेरा व भिंग एके ठिकाणीं केवळ हौसेनें खोलून साफ करण्यास दिलें. परत आलें तें भिंग डाव्या अंगास नेहमीं पुसट दाखवूं लागलें. आंतील एखादी कांच बसवितांना केसभर तिरपी झाली असावी. तेव्हांपासून दाखविणें आणि उघडणें या दोन गोष्टी त्यानें निराळ्या मानल्या आहेत.

हा भेद मला दुसऱ्या दिवशीं भंडारदऱ्याच्या भिंतीवर उभें असतां अधिक पटला. हें विल्सन धरण १९१० मध्यें बांधावयास घेतलें आणि १९२६ मध्यें त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत मागें अकरा हजार दशलक्ष घनफुटांवर पाणी अडवून उभी आहे. १९६९ मध्यें, धरण भरलेलें असतां, या भिंतीस तडे जाऊन मोठी गळती दिसून आली; पुढें मागील अंगास आधारभिंती बांधून तिला बळकटी द्यावी लागली. त्रेचाळीस वर्षें ती निर्वेध उभी होती. धरणांची तपासणी पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर अशी दरवर्षीं होते. गळतीचें पाणी मोजतात, दरवाजे चालवून पाहतात. कांहीं दुखत नाहीं म्हणून ती तपासणी कोणी टाळीत नाहीं, आणि तपासणी करावयाची म्हणून कोणी भिंतीचे दगडहि उपसून पाहत नाहीं. अण्णांच्या दाताच्या दृष्टांतास हें उत्तर आहे आणि पुतण्याच्या उत्साहासहि आहे. अर्थात् धरण फुटलें तर खालचीं गांवें वाहून जातील. कॅमेरा बिघडला तर मुंज राहत नाहीं, चित्र तेवढें राहतें. खर्चाचें प्रमाण त्या मानानें धरावें.

पूर्वींच्या लोकांना हा प्रश्नच पडत नसे, कारण कारागीर आणि छायाचित्रकार हे बहुधा एकच असत. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्यें निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळांतले नांवाजलेले छायाचित्रकार. कांचेवर स्वतः रसायन ओतून ती ओली असतांनाच चित्र घ्यावयाचें, असा तो काळ. यंत्राशीं ज्याची अशी रोजची झटापट त्याला निगा वेगळी शिकवावी लागत नाहीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं विलायतेहून रायली कंपनीचा चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्यें मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्रण केलें. तें धुण्यास मात्र लंडनला पाठवावें लागलें. १९०१ मध्यें रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्या स्वागताचें चित्रण करणारे हेच. येथून फार दूर नसलेल्या त्र्यंबकेश्वरास जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्यें लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ मध्यें त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनीं पाहिला. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं तर तसा कॅमेरा १९१८ च्या सुमारास स्वतःच घडविला. ज्यानें यंत्र घडविलें त्याला तें उघडण्याची धास्ती कसली! आजचीं यंत्रें अशीं कीं स्वतः घडविणें तर राहोच, तीं घरीं उघडणेंहि धोक्याचें. आंत दिव्यासाठीं सांठविलेली वीज बंद स्थितींतहि जोराचा झटका देते. पुतण्यानें यूट्यूबवर पाहून पेचकस आणला होता, तो मीं तेव्हांच माझ्या ट्रंकेंत ठेवून दिला आहे.

आकाशांतला एक कॅमेराहि येथें आठवतो. १९९० मध्यें अंतराळांत सोडलेली हबल दुर्बीण १९९३ ते २००९ या काळांत अंतराळवीरांनीं पांच वेळां जाऊन दुरुस्त केली, म्हणूनच ती इतकीं वर्षें चालली. तिच्यानंतरची जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर असल्यामुळें तिथें कोणी दुरुस्तीस जाऊं शकत नाहीं. म्हणून सगळी काळजी धाडण्यापूर्वींच घ्यावी लागली. राजूरच्या आसपासच्या वाड्यांना नाशिकचा वा पुण्याचा कारागीर इतका कांहीं दूर नाहीं; पण पावसाळ्यांत, एसटी बंद असतां, मनाला तेवढाच दूर वाटतो.

रतनवाडीस जाण्यास जलाशयाला वळसा घालून जावें लागतें. अमृतेश्वराचें देऊळ शिलाहारकालीन. काळ्या दगडावरील कोरीव काम असें कीं एकेका स्तंभापुढें अर्धा तास उभें राहावें. देवळामागें रतनगड, त्याच्याच अंगाखांद्यांवर प्रवरेचा उगम. या नदीस अमृतवाहिनी म्हणतात, तें समुद्रमंथनाच्या कथेवरून. दगडावर शेवाळ आहे, पण रेघ अजून स्पष्ट आहे. शेंकडों पावसाळे सोसलेली ही रेघ पाहून मग पुतण्याच्या कॅमेऱ्याकडे पाहिलें कीं मनुष्याच्या नव्या कलांची नाजुकता ध्यानांत येते. सूनबाईनें तेथें घेतलेलें गाभाऱ्याच्या दाराचें छायाचित्र फार चांगलें आलें आहे. तें तिनें फोनवरच घेतलें.

परतीच्या वाटेवर राजुरास पुन्हां थांबलों आणि अण्णांचा याशिका त्या तरुणापुढें ठेविला. "उघडूं नका" ही ताकीद प्रथम सांगितली. तो हंसला. भिंगाचें छिद्र पूर्ण उघडून त्यानें तें विजेरीसमोर धरलें, मग मला पाहावयास दिलें. वरच्या, म्हणजे नुसत्या पाहण्याच्या भिंगांत, कडेला कापसाच्या तंतूसारखी एक बारीक शाखा फुटलेली होती. खालचें, चित्र घेण्याचें भिंग, स्वच्छ होतें. झडप एका सेकंदावर लावून त्यानें कानाशीं धरली. चक्रें मध्येंच अडखळत होतीं. "सहा महिन्यांत खालीं उतरेल," तो म्हणाला, आणि कोणास दाखवावें तें कागदावर लिहून दिलें. स्वतः मात्र हात लावला नाहीं. पैसे देऊं केले ते घेतले नाहींत; पेढे घेऊन गेलों होतों ते घेतले.

घरीं आल्यावर अण्णांस विजेरी लावून तो तंतु दाखविला. त्यांनीं पुष्कळ वेळ पाहिलें. मग म्हणाले, "हिचे सगळे फोटो यांतूनच पाहून काढलेत मी." दुसऱ्याच दिवशीं याशिका मुंबईस, कोटांतील बोरा बझारांतल्या एका वृद्ध कारागिराकडे, पुतण्यानें स्वतः नेऊन दिला. जुन्या झडपा उघडणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत आणि त्यांच्या हाताखालीं शिकणारीं तर त्याहूनहि थोडीं. त्या गृहस्थांनीं दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आहे. क्लिक थ्री दाखविण्याचें कारण पडलें नाहीं. त्याची झडप अगदीं साधी, भिंग एकेरी, आणि त्यांत धाकट्या मुलांनीं ठेविलेल्या गोट्या सांपडल्या. पुतण्याच्या निकॉननें आकाशाचें चित्र घेऊन पाहिलें. ठिपका एकहि नव्हता. तो कॅमेरा यंदा कोठेंहि पाठवावयाचा नाहीं असें ठरलें.

सूनबाईनें तांदळाचा एक रिकामा डबा या कामीं दिला आहे. त्यांतले खडे निळ्याचे गुलाबी झाले म्हणजे त्यांनीं पुरेशी ओल प्यालेली असते. मग ते मंद आंचेवर तापवून पुन्हां निळे करून घ्यावयाचे. ते खडे पोटांत जाण्याजोगे नाहींत, म्हणून त्यांसाठीं एक जुना तवा वेगळा काढून स्वयंपाकघराबाहेर, गॅलरींत, खिळ्याला टांगला आहे. तो कोणी चुकून चुलीवर घेऊं नये म्हणून अण्णांनीं त्यावर खडूनें ‘कॅमेऱ्याचा’ असें लिहून ठेविलें आहे. पाऊस लागला कीं दर आठ दिवसांनीं तें अक्षर पुसट होतें आणि ते तें पुन्हां गिरवितात.